हाली, कलदार आणि करोडगिरीचा नाका

मनमाडहून औरंगाबादला निघालेली मीटरगेज गाडी नगरसूल मागे टाकून वैजापूरच्या रानात शिरली की प्रवाशांचा राजा बदलायचा. अलीकडे मुंबई इलाखा, पलीकडे निजामाची हद्द. राजाबरोबर खिशातला रुपयाही बदलायचा. इंग्रजांच्या रुपयाला लोक कलदार म्हणत, संस्थानाच्या रुपयाला हाली. शंभर कलदार मोडले की हातात एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै पडत. सात हालीला सहा कलदार हा हिशेब बाजारात पोरासोरांनाही पाठ. मालावर करोडगिरी वेगळी. करोडगिरी म्हणजे संस्थानाची सीमाजकात. १८०२ च्या व्यापारी तहात तिचे प्रमाण शेकडा पाच ठरले होते. स्टेशनावर उतरून उस्मानपुऱ्याच्या वाटेने जुन्या शहराकडे निघालेल्या व्यापाऱ्याला सार्वभौमत्वाची चर्चा करायला फुरसत नसेल, पण हाली-कलदारचा भाव आणि नाक्यावर भरलेली रक्कम त्याच्या वहीत पैशापैशाने उतरलेली असे.

एखाद्या देशाने मोठ्या राजकीय-आर्थिक संघात राहावे की बाहेर पडावे, हा प्रश्न ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी मतपेटीत टाकला. ५१.९ टक्के लोक ‘बाहेर’ म्हणाले आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडले. आपल्याकडे हा विषय लंडन-ब्रुसेल्सच्या बातम्यांसारखा वाचला गेला. वास्तविक मराठवाड्याने १९४८ ते १९६० या बारा वर्षांत तीन छपरे बदलली: आधी संस्थानातून भारतीय संघराज्यात, मग हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात, शेवटी महाराष्ट्रात. यातल्या एकाही वेळी इथल्या माणसासमोर हो-नाहीची चिठ्ठी आली नाही.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून जाहीर केले की, इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र. दावा अगदीच हवेतला नव्हता. संस्थानाचे क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैल, १९४१ च्या गणतीत लोकसंख्या १ कोटी ६३ लाख. स्वतःचे सैन्य, टपाल, रेल्वे, नोटा, विद्यापीठ, सगळे होते. युरोपातली कितीतरी राष्ट्रे याहून लहान. नव्हता तो समुद्र. चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या या मुलखाला बंदर हवे म्हणून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मार्मागोव्याकडे डोळे लावून झाले. हाती काही आले नाही.

पुढची गोष्ट वाचताना ब्रिटनच्या वाटाघाटींची आठवण येते, फक्त इथे बंदुका जास्त होत्या. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीला निघालेल्या निजामाच्या शिष्टमंडळाची घरे इत्तेहाद या मुस्लिम संघटनेच्या जमावाने वेढली. इत्तेहादचे नेते कासीम रझवी हे लातूरचे वकील. पंतप्रधान छत्तारीचे नवाब पायउतार झाले, उद्योगपती मीर लायक अली आले. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला: वर्षभर परराष्ट्र, संरक्षण आणि दळणवळणाची जुनी व्यवस्था चालू राहायची. शाई वाळते न वाळते तोच संस्थानाने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात न्यायला बंदी, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अवैध. शिवाय पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज, तेही भारत सरकारच्या रोख्यांत. म्हणजे ज्या संघापासून फारकत घ्यायची, त्याच्याच कागदांवर स्वातंत्र्याची पत उभी होती.

कलदार बंद केला म्हणून कापसाची वाट बदलत नाही. मराठवाड्याचा माल मनमाडवरूनच मुंबईला जाणार होता आणि पेट्रोलपासून यंत्रांपर्यंत सगळे त्याच रुळांवरून येणार होते. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत भारताने मालाची कोंडी आवळली. कराचीहून सिडनी कॉटन या वैमानिकाने रात्रीच्या अंधारात बंदुका उतरवल्या खऱ्या, पण विमानातून बाजार चालत नसतो.

सरहद्दीवरच्या लढ्यालाही हे अर्थकारण नेमके कळले होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते बार्शी, मनमाड, उमरखेड अशा हद्दीबाहेरच्या कॅम्पांतून आत घुसत. करोडगिरीचे नाके जाळायचे आणि महसुलासाठी राखलेली शिंदीची झाडे तोडायची, ही त्यांची मोहीम. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटली गेली, तो याच डावाचा मोठा घाव. राज्याची तिजोरी जिथून भरते तिथेच हात घालायचा, असा त्यामागचा हिशेब होता.

सार्वमताचा पर्याय कागदावर आला होता, ही गोष्ट आज फारशी सांगितली जात नाही. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्या मध्यस्थीने तयार झालेल्या मसुद्यात विलीनीकरणावर लोकांचा कौल घेण्याची तरतूद होती. निजामाने तो नाकारला. संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू होती, तिथे कौल कुठे झुकेल हे किंग कोठीच्या राजवाड्यात बसलेल्या निजामालाही ठाऊक असणार.

१३ सप्टेंबरला फौजा शिरल्या. औरंगाबादने दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेला, हत्यारे टाकली. जालन्याजवळ प्रतिकार जास्त झाला. १७ ला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो आणि तो योग्यच आहे. रझवींच्या सशस्त्र रझाकारांनी गावोगाव काय केले ते इथल्या घराघरांत सांगितले गेले आहे. त्याच आठवड्यांची दुसरी बाजू मात्र कित्येक दशके सरकारी कपाटात राहिली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने कारवाईच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. त्यातले बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातले दोन होते. उस्मानपुऱ्यासारख्या दोन्ही समाजांच्या वस्तीत इतिहास लिहायचा तर ही पाने गाळून चालणार नाहीत.

झेंडा पाच दिवसांत बदलला. हिशेब मिटायला वर्षे गेली. १ एप्रिल १९५० पासून प्राप्तिकर, टपाल आणि रेल्वे केंद्राकडे गेले. हाली मात्र लगेच मेला नाही. पन्नाशीच्या दशकात तो हळूहळू चलनातून काढून घेतला गेला आणि तोवर सातास सहाचा गुणाकार बाजारात चालूच राहिला. ज्यांना वाटते की संघात शिरणे किंवा बाहेर पडणे ही एका सहीची बाब आहे, त्यांनी त्या काळातल्या एखाद्या अडत्याची वही पाहावी.

मग १९५६. हैदराबाद राज्यात तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटक अशी तीन भाषांची तोंडे तीन दिशांना. नेहरूंना हे राज्य मोडायला नको होते. रामानंद तीर्थांना ते भाषेवर मोडायलाच हवे होते. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने मराठवाडा गुजरातसह मुंबई राज्यात घालायची शिफारस केली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे तिकडे गेले.

‘मराठवाडा बिनशर्त आला’ हे वाक्य प्रत्येक १७ सप्टेंबरला आणि प्रत्येक १ मेला ऐकू येते. भाषणापुरते ते ठीक. इतिहासात ते अर्धेच खरे आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या नेत्यांच्याही सह्या आहेत, आणि त्यात खर्चाचा प्रमाणशीर वाटा, नोकऱ्यांत जागा, उच्च शिक्षणात प्रवेश, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, असे बरेच काही लिहिलेले आहे. राज्यघटनेतही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३७१(२) हे कलम येऊन विकास मंडळांची सोय झाली. शब्द घेतले होते. ते वसूल करायची यंत्रणा तेवढी घेतली नव्हती. ती मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी.

मधल्या काळात लोक रस्त्यावर उतरले. १९७४ चे विकास आंदोलन वसमतच्या गोळीबाराने पेटले. निजामाशी लढलेले गोविंदभाई श्रॉफ आता मुंबईशी भांडत होते. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा साडेतेवीस टक्क्यांच्या घरात. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये आले, तेही सर्वोच्च न्यायालयात टिकवावे लागले. जमेच्या बाजूलाही नोंदी आहेत. १९५८ मध्ये विद्यापीठ आले, तोवर पदवीसाठी उस्मानिया विद्यापीठावर अवलंबून राहावे लागे. उस्मानपुऱ्यात स्टेशन रस्त्यावर उभे असलेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, महाराष्ट्राच्याच वयाचे.

शेजारच्या तेलंगणाने अटी घातल्या होत्या. फेब्रुवारी १९५६ चा तथाकथित सभ्य गृहस्थांचा करार करून तो आंध्राला मिळाला. अटी पाळल्या गेल्या नाहीत म्हणून १९६९ मध्ये भडका उडाला आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा बाहेर पडला. त्यानंतरही हैदराबाद शहर दहा वर्षे दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी होते, आणि संस्था-मालमत्तांच्या वाटणीचे वाद त्या मुदतीनंतरही उरले. म्हणजे लेखी अटी घालणाऱ्याला आणि मोघम आश्वासनांवर येणाऱ्याला, दोघांनाही साठ वर्षे तक्रारच करावी लागली.

मोडलेल्या घराच्या खुणा तरीही पुसत नाहीत. मराठवाड्यात कुळाचा दावा आजही १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याखाली चालतो. इनामी जमिनींचे खटले संस्थानी सनदांपर्यंत जातात. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती हैदराबादच्या दफ्तरखान्यापर्यंत गेली, आणि ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द खेड्यापाड्यात पोचला. रेल्वेची गंमत तर निराळीच. निजामाची रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली; १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा मराठवाडा पुन्हा सिकंदराबादच्या कारभाराखाली आला. सोलापूर विभाग १९७७ मध्ये मध्य रेल्वेला परत मिळाला, मराठवाडा राहिला तो राहिलाच. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, पण झोनचे मुख्यालय सिकंदराबादच.

या सगळ्यातून स्वतंत्र मराठवाड्याची मागणी अधूनमधून डोके वर काढते. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी जालन्यात तिचा उघड पुरस्कार केला आणि दोन-तीन दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. ब्रिटनचा कौल लागला तो त्यानंतर तीनच महिन्यांनी. मागणीमागचा राग खोटा नाही. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा त्या घटनात्मक सोयीची आठवण मुंबईत किती जणांना होती, हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे.

तरी वेगळे व्हायचे तर आधी गोदावरीकडे पाहावे लागेल. जायकवाडीचे पाणी नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांमागून येते. आज ते सोडवून घ्यायला २००५ च्या कायद्याने बसवलेले राज्याचे जलनियामक प्राधिकरण आहे. त्याचा आदेश पाळायला वरचे लोक दर दुष्काळात खळखळ करतात, पण आदेश निघतो. मध्ये राज्याची हद्द आली तर काय होते ते बघायला नांदेड जिल्ह्यात बाभळीला जावे. महाराष्ट्राने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने बंधारा बांधला. आंध्र प्रदेश न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राहू दिला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याच्या अटीवर, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. नदीला पाणी येते तेच नेमके जुलै ते ऑक्टोबर. स्वतंत्र मराठवाड्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांना जायकवाडीच्या वर अशीच एक हद्द स्वतःच्या हाताने आखावी लागेल, आणि त्या हद्दीच्या चढत्या अंगाला नाशिककर असतील.