मस्टरवर नसलेला संगणक

या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोहिमा, किल्ले आणि रसद यांबद्दल बोलतो. आज विषय अगदी घरगुती वाटेल असा आहे: विद्यापीठातल्या संशोधन प्रयोगशाळेच्या नेटवर्कला एक संगणक जोडणं. हे काम मी स्वतः केलं, चुकीचं केलं आणि त्यापायी एका मुलीच्या तीन रात्री फुकट गेल्या. त्यानंतर मी याचा इतिहास शोधत बसलो.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात प्रशासकीय अधिकारी होतो. सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेलेली, त्यामुळे केबल आणि जोडणी म्हटलं की हात आपोआप पुढे जायचा. एका प्रयोगशाळेत नवा संगणक आला. तंत्रज्ञ रजेवर होता. मी म्हटलं, त्यात काय, मीच लावतो.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो, आयपी ॲड्रेस. त्या प्रयोगशाळेत हे क्रमांक हातानं भरायची पद्धत होती. मी शेजारच्या संगणकाचा क्रमांक पाहिला, शेवटचा आकडा बदलला आणि तो क्रमांक कुणाकडे आहे का हे तपासायला ‘पिंग’ केलं, म्हणजे त्या क्रमांकाला हाक मारून पाहिली. उत्तर आलं नाही. जागा रिकामी आहे असं धरून मी तो भरला आणि घरी गेलो.

जागा रिकामी नव्हती. तो क्रमांक प्रयोगशाळेच्या सर्व्हरचा होता. त्या दुपारी विजेचं काम चालू असल्यानं सर्व्हर बंद होता. संध्याकाळी तो सुरू झाला, आणि एकाच क्रमांकाची दोन यंत्रं नेटवर्कवर उभी राहिली. सर्व्हरला पडदा जोडलेला नव्हता. त्यानं काही तक्रार केली असली तरी ती वाचायला कुणी नव्हतं.

तिथं इंदूरची एक मराठी मुलगी पीएच.डी. करत होती. कार्यालयात मला ‘सर’ म्हणायची आणि चहाला बसलं की ‘काका’. तिचं उपकरण रात्रभर मोजमापं घ्यायचं आणि सर्व्हरवर पाठवायचं. त्या तीन रात्री ती कधी सर्व्हरकडे पोचत होती, कधी माझ्या नव्या संगणकाच्या दारावर जाऊन आदळत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिनं फाइल उघडली तर मध्येमध्ये भगदाडं. मोजमापात नमुना संपून जायचा, आणि नवा तयार करायला सहा आठवडे लागायचे.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, “काका, भिंतीवरचा कागद पाहिला नव्हता का?”

कागद होता. कपाटाआड अर्धा झाकलेला, पेन्सिलीनं लिहिलेला, शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. पण सर्व्हर त्यात होता.

आता माझ्यासारख्या माणसाला हे फार लागतं. पलटणीत नॉमिनल रोलशिवाय पान हलत नाही. हजेरीच्या वेळी एक नंबर पुकारला आणि दोन जवानांनी ‘हाजिर’ म्हटलं, तर तिथल्या तिथे गोंधळ उघडा पडतो. मग इतकी हुशार माणसं ज्या नेटवर्कवर काम करतात, तिथे दोन यंत्रं एकच नंबर सांगतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे कसं?

त्यासाठी थेट १९६९ सालात जावं लागतं, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेच्या पैशातून आर्पानेट उभं राहत होतं. त्याची पहिली जोडणी प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत झाली. विद्यापीठाचा संगणक होता ‘सिग्मा ७’. पण तो थेट तारेला जोडायचा नव्हता. मध्ये ‘इम्प’ नावाचं एक वेगळं यंत्र ठेवायचं होतं, संदेश पुढे पोचवायचं काम करणारं. ते बनवलं मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीनं, हनीवेल कंपनीचा डीडीपी-५१६ हा संगणक घेऊन. फ्रिजएवढं राखाडी कपाट, सैन्याच्या वापरासाठी मजबूत केलेलं, वर उचलायला कड्या. आमच्या सिग्नल सेंटरमध्ये ते कुणाला परकं वाटलं नसतं.

१९६९च्या ऑगस्टअखेरीस हे कपाट विद्यापीठात आलं आणि २ सप्टेंबरला सिग्मा ७ त्याला जोडला गेला. हे एका वाक्यात सांगितलं, पण आज आपण केबल खोचतो तसं ते नव्हतं. इम्पच्या पलीकडचं सगळं कंपनी बघणार, अलीकडचं ज्याचं त्यानं. म्हणजे आपल्या संगणकाला इम्पशी बोलता यावं म्हणून लागणारं इलेक्ट्रॉनिक सर्किटसुद्धा विद्यापीठानंच बनवायचं. ते माइक विंगफिल्ड या विद्यार्थ्यानं बनवलं. जबाबदारीची हद्द इतकी स्पष्ट आखलेली मला नागरी कामात क्वचित दिसली आहे.

२९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाला चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानं शेकडो किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात शिरायचा प्रयत्न केला. तिकडे बिल ड्युवॉल होते आणि दोघं फोनवर बोलत होते. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरं पोचली आणि तिकडचा संगणक बसला. साधारण तासाभरानं दुरुस्ती करून पुन्हा जोडणी झाली. ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. मला त्यातली आवडते ती इम्पजवळची नोंदवही. तिच्यात रात्री २२:३०ला स्टॅनफर्डच्या संगणकाशी बोलणं झालं, एवढी एका ओळीची नोंद आहे. लॉगबुक असंच लिहितात.

आता आपल्या मुद्द्याकडे. तेव्हा संगणकाचा पत्ता काय होता? आठ बिटांचा एक आकडा. सहा बिटं इम्पची, दोन बिटं त्या इम्पवरच्या जोडणीची. लॉस एंजेलिसचा इम्प क्रमांक १, स्टॅनफर्डचा २, सँटा बार्बराचा ३, युटाचा ४. एका इम्पला चार संगणक लागू शकत. म्हणजे पत्ता संगणकाचा नव्हताच. तो खुंटीचा होता. ज्या खुंटीला अडकवाल तो पत्ता. एका खुंटीला दोन संगणक बसत नाहीत, म्हणून एकाच नंबराची दोन यंत्रं हा प्रकार तिथं होऊच शकत नव्हता. वेगळं मस्टर ठेवायची गरजच नव्हती. तारांची मांडणी हेच मस्टर.

नावांचं मात्र तसं नव्हतं. एकाच संगणकाला वेगवेगळ्या ठिकाणची माणसं वेगवेगळ्या नावांनी ओळखत. १९७१मध्ये पेगी कार्प यांनी सगळ्यांसाठी एकच नावं ठरवावीत असा प्रस्ताव लिहिला. १९७४पासून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं माहिती केंद्र अधिकृत यादी ठेवू लागलं. हे केंद्र एलिझाबेथ फाइनलर यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. नवा संगणक जोडलात की त्यांच्याकडे कळवायचं, यादीत ओळ पडायची आणि बाकीचे ती यादी उतरवून घ्यायचे. जगातल्या नेटवर्कचं मस्टर एका कार्यालयात होतं! संगणक वाढले तशी ती यादी पेलेना, म्हणून १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज आपण वापरतो ती डोमेन नावांची व्यवस्था मांडली, ज्यात प्रत्येकानं आपापल्या भागाची यादी ठेवायची.

क्रमांकांची गोष्ट बिघडली ती दुसऱ्या बाजूनं. १९७३मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात इथरनेट जन्माला आलं. एकच केबल सगळ्या खोल्यांतून फिरवायची आणि हवा तो संगणक तिला टोचायचा. स्वस्त आणि सुटसुटीत. ऐंशीच्या दशकात विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत ते पसरलं. पण खुंट्या गेल्या! आता क्रमांक यंत्राच्या आत लिहायचा. तारेवरून कुणी कुठं आहे हे कळायला मार्ग उरला नाही.

त्यावर उपाय निघाला नोव्हेंबर १९८२मध्ये. डेव्हिड प्लमर यांनी ‘एआरपी’ ही पद्धत लिहिली. ती ऐकून तुम्हाला हसू येईल. एक यंत्र सगळ्यांना ओरडून विचारतं, अमुक क्रमांक कुणाचा? ज्याचा असेल तो म्हणतो, माझा, आणि हा माझा कारखान्यातून आलेला हार्डवेअर क्रमांक. विचारणारा ते लिहून ठेवतो. बस्स. पुरावा कुणी मागत नाही. नंतर दुसऱ्यानं ‘माझा’ म्हटलं तर पहिलं खोडून दुसरं लिहितो. आमचा संत्री ‘थम, कौन आता है’ विचारतो आणि पुढे परवलीचा शब्द मागतो. इथं आवाज आला की फाटक उघडलं.

पण प्लमर यांना दोष देणं मला पटत नाही. बंद दाराआड काम करणारी, एकमेकांना ओळखणारी दहावीस माणसं, एवढंच ते जग होतं. तिथं विश्वास हाच नियम असणं साहजिक होतं. नवीन येणारा माणूस आधी भिंतीवरचा कागद वाचेल हे त्यांनी गृहीत धरलं असावं. माझ्यासारखा कर्नल येईल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

पुढे मस्टर परत आलं, पण यंत्राच्या हाती. १९८५मध्ये ‘बूटपी’ आणि १९९३मध्ये राल्फ ड्रोम्स यांची ‘डीएचसीपी’ आली. तुमच्या घरच्या वायफायमध्ये आज तीच चालते: संगणक आल्याबरोबर क्रमांक मागतो, सर्व्हर यादी पाहून ठरावीक मुदतीपुरता देतो. मात्र प्रयोगशाळेतला सर्व्हर किंवा उपकरण दुसऱ्यांना रोज एकाच जागी सापडावं लागतं, म्हणून त्यांचे क्रमांक बऱ्याच ठिकाणी अजून हातानंच भरतात. आणि क्रमांक घेण्याआधी तो दुसऱ्याचा तर नाही ना, हे यंत्रानं कसं तपासावं याचा नीट लिहिलेला नियम यायला २००८ साल उजाडलं. तो नियमसुद्धा बंद असलेल्या यंत्राला ओळखू शकत नाही. मी मारलेली हाक जशी वाया गेली, तशीच त्याचीही जाते.

आपल्याकडे हे सारं आलं १९८६नंतर, ‘अर्नेट’मधून. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी अशा आठ संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत. सुरुवातीच्या ईमेल जोडण्यांपैकी एक जुहू ते पवई, मुंबईतल्या मुंबईत, साध्या टेलिफोन लाइनवरून. १९८९मध्ये ‘डॉट इन’ हे नाव भारताच्या वाट्याला आलं आणि त्याची नोंदवही ठेवायचं काम एनसीएसटीकडे होतं.

माझ्या चुकीचं पुढे काय झालं तेही सांगतो. मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं की दोष तंत्रज्ञाचा नाही, माझा आहे. मग दोन दिवस एकेका टेबलाखाली शिरून प्रत्येक यंत्राचा क्रमांक, हार्डवेअर क्रमांक आणि मालकाचं नाव एका जाड वहीत लिहिलं. एकोणतीस यंत्रं निघाली. भिंतीवरच्या कागदावर सतरा होती.

सहा आठवड्यांनी नवा नमुना तयार झाला. पहिल्या रात्री मी प्रयोगशाळेबाहेर खुर्ची टाकून बसलो. अकराच्या सुमारास ती मुलगी थर्मास घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “काका, पहारा कशाला?”

मी म्हटलं, “कुणी नवा संगणक घेऊन आलं तर वही दाखवायला.”