तळटीप २७ : ‘मदतीची पाने’

२७. मदतीची पाने इन्स्टॉलरमध्ये घालावीत, एवढेच लेखक सांगतात. इथे थोडे थांबायला हवे. प्रोग्रॅमची मुख्य फाइल सहसा आपला आवृत्ती-क्रमांक सोबत बाळगते. एचटीएमएल पानांना तो नसतो. म्हणून विंडोज इन्स्टॉलर त्यांच्या तारखा पाहतो. संगणकावरच्या पानाची ‘बदलल्याची’ तारीख ‘तयार झाल्याच्या’ तारखेनंतरची असेल, तर वापरणाऱ्याने ते स्वतः बदलले आहे असे धरून तो त्या पानाला हात लावत नाही.

वैजापूरच्या एका संगणक-वर्गात मी याचा परिणाम पाहिला. शिकवणाऱ्या बाईंनी एका पानावरचा ‘दिंनाक’ नोटपॅडमध्ये ‘दिनांक’ असा सुधारून ठेवला होता. नवी आवृत्ती चढली, बाकीची पाने बदलली, तेवढे एक जुनेच राहिले; आणि मुले त्यात सांगितलेले, मेनूतून केव्हाच गेलेले बटण शोधत बसली. शुद्धलेखनाची काळजी घेणाऱ्या माणसालाच हा फटका बसावा, याचे मला फार वाईट वाटले.

पाने वगळायची असली तर पेच वाढतो. मायनर अपग्रेडमध्ये, म्हणजे छोट्या सुधारणेत, आधीचा घटक (इथे, ती पाने) काढून टाकता येत नाही; मेजर अपग्रेड, म्हणजे मोठी सुधारणा, लागते. त्यात जुनी आवृत्ती आधी पूर्ण उतरवली, तर तारखांचा प्रश्नही मिटतो. दुसरी वाट १९९७ पासूनची : सगळी पाने एकाच सीएचएम फाइलीत बांधणे. मग आतली पाने कितीही वाढोत, इन्स्टॉलरपुढे फाइल एकच. — संपादक