परम संगणकांतील आंतरजोडणी

अनेक संगणकांकडून एकच गणित एकत्रितपणे सोडवून घेताना त्यांच्यामध्ये माहितीची सतत देवघेव व्हावी लागते. त्यासाठी योजलेल्या जलद जाळ्यास आंतरजोडणी म्हणतात. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) उभारलेल्या ‘परम’ मालिकेत या जोडणीची निवड प्रक्रियकाच्या निवडीइतकीच निर्णायक ठरली, जरी लोकांच्या स्मरणात राहिले ते गणनवेगाचे आकडेच.

संगणक दोनच असतील तर त्यांच्या जाल-कार्डांमध्ये थेट तार जोडणे पुरते. मध्ये स्विच लागत नाही. ६४ संगणकांतील प्रत्येकास उरलेल्या प्रत्येकाशी असे जोडावयाचे झाल्यास मात्र २,०१६ तारा लागतील. शिवाय तारेचा वेग ही एकच कसोटी नव्हे. समजा, १,००० बिटांचा संदेश सेकंदास १० कोटी बिट वाहणाऱ्या तारेतून पाठवावयाचा आहे. तारेवर त्यास १० मायक्रोसेकंद लागतात. परंतु संदेशाची बांधणी व परिचालन प्रणालीतील त्याचा प्रवास यांत १०० मायक्रोसेकंद जात असतील, तर तार दहापट जलद करूनही एकूण काळ ११० वरून १०१ मायक्रोसेकंदांवरच येतो. छोट्या संदेशांची वारंवार ये-जा होणाऱ्या गणितांत म्हणूनच हा आरंभीचा विलंब घटविणे अधिक मोलाचे असते.

अधिक शक्तिशाली क्रे संगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यानंतर विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला (१९९१). त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्स्प्यूटर वापरले होते. प्रत्येक ट्रान्स्प्यूटरच्या चिपवरच चार दुवे असत व ते शेजाऱ्यास थेट जोडता येत. दुव्याचा वेग सेकंदास २ कोटी बिटांपर्यंत असे. चारच दुवे असल्याने दूरच्या प्रक्रियकाकडे जाणारा संदेश मधल्यांच्या हातांतून पुढे सरके. त्यानंतरच्या परम ८६०० मध्ये गणिताचे काम इंटेलच्या आय-८६० कडे आले व ट्रान्स्प्यूटर संदेशवहनापुरता उरला. गणन वेगवान झाले, दुवे मात्र होते तेवढेच राहिले. इनमॉसचा पुढील टी-९००० ट्रान्स्प्यूटर दीर्घकाळ रखडला. जोडणी विकत घेतलेल्या चिपमध्येच असल्याने त्या कंपनीच्या गतीशी परमची गतीही बांधली गेली होती.

परम १०००० (१९९८) मध्ये सन कंपनीचे बाजारात मिळणारे सर्व्हर घेण्यात आले. केंद्राचे स्वतःचे वैशिष्ट्य राहिले ते ‘परमनेट’ या जाळ्यात. आठ मुखांच्या त्याच्या स्विचातून प्रत्येक मुखास दोन्ही दिशांनी सेकंदास ४० कोटी बिट जात. परम पद्मबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत हा वेग २५० कोटी बिटांवर गेला. परिचालन प्रणालीस वळसा घालून संदेश थेट कार्डाकडे देण्याची सोयही तीत होती. विलंबावरील खरा उपाय तोच. परम युवा (२००८) साठीच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘अन्वय’ हा ४८ मुखांचा स्विच होता.

दरम्यान २००७ मध्ये पुण्यातच टाटा समूहाच्या ‘एका’ने बाजारातील इन्फिनिबँड जोडणीच्या बळावर जागतिक क्रमवारीत चौथे स्थान मिळविले होते. स्वतःचे जाळे घडविण्याच्या खटाटोपाविषयी यानंतर प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते. परम युवा-२ (२०१३) मध्ये केंद्राने परमनेटबरोबर इन्फिनिबँडही घेतले. तथापि स्वदेशी जोडणीचा प्रयत्न सोडून दिला गेला नाही. राष्ट्रीय महासंगणन अभियानात (२०१५ पासून) ‘त्रिनेत्र’ हे नवे जाळे विकसित करण्यात आले.