वेनराइट-प्रकरण : अस्सल कागद आणि आख्यायिका

इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासांत टॉमस ग्रिफिथ्स वेनराइट (१७९४–१८४७) ह्याचें नांव 'विषप्रयोग करणारा' ह्या उपाधीवांचून सहसा येत नाहीं. परंतु विषप्रयोगाचा खटला त्याजवर कधींच चालला नाहीं. त्यास जन्मभर हद्दपारीची शिक्षा झाली ती खोट्या दस्तऐवजाबद्दल. बखर आणि अस्सल पत्र ह्यांचें तारतम्य जाणणाऱ्या वाचकांपुढें हें प्रकरण मांडणें म्हणूनच अनुचित होणार नाहीं.

वेनराइटचा मातामह राल्फ ग्रिफिथ्स हा 'मंथली रिव्ह्यू' ह्या नियतकालिकाचा संस्थापक. आईबाप लवकर वारल्यामुळें नातू आजोळींच वाढला. १८२० पासून 'लंडन मॅगझिन'मध्यें त्यानें 'जेनस वेदरकॉक' इत्यादि टोपणनांवांनीं चित्रकलेवर लेख लिहिले. चार्ल्स लॅम ह्याचा त्याजवर लोभ होता. रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत त्याचीं चित्रें लागत. विल्यम ब्लेक ह्याची योग्यता फारच थोड्यांस कळली होती, त्या काळीं ती ओळखणाऱ्यांपैकीं हा एक होय. उत्तम मुद्राचित्रें व ग्रंथ जमविण्याचा त्यास नाद होता आणि त्याचा खर्च मिळकतीबाहेर गेला होता.

आतां सिद्ध काय तें पाहूं. आजोबांकडून आलेले ५,२५० पौंडांचे सरकारी रोखे विश्वस्तांच्या नांवें होते. वेनराइटचा हक्क केवळ व्याजापुरता. १८२२ मध्यें व त्यानंतर पुन्हां एकदां त्यानें विश्वस्तांच्या खोट्या सह्या करून मुखत्यारपत्रें बनविलीं आणि बँक ऑफ इंग्लंडमधून मुद्दल उचललें. १८३१ मध्यें तो फ्रान्सला गेला. परत आल्यावर १८३७ त पकडला गेला व सौम्य आरोप कबूल करून टास्मानियांत होबार्ट येथें पाठविला गेला. तेथें तो गांवच्या प्रतिष्ठितांचीं व्यक्तिचित्रें काढी. तेथेंच त्याचा अंत झाला.

संशयाचा भाग निराळा. १८२८ त मामा वारला व घर ह्याजकडे आलें. १८३० च्या ऑगस्टांत सासू वारली. त्याच डिसेंबरांत पत्नीची सावत्र बहीण हेलन ॲबरक्रॉंबी वारली. ऐन तारुण्यांतील ह्या मुलीच्या जिवाचे मोठमोठ्या रकमांचे, अल्प मुदतीचे विमे त्याच वर्षीं उतरविलेले होते. कंपन्यांनीं पैसे नाकारले, आणि १८३५ त निकाल कंपनीच्या बाजूनें झाला. पण तो विमा उतरवितांना केलेल्या लबाडीपुरता होता. खुनाचा निर्णय त्या न्यायालयानें दिलेला नाहीं.

पुढें कथा वाढली. लिटनची 'लुक्रेशिया' (१८४६) व डिकन्सची 'हंटेड डाउन' (१८५९) ह्यांत त्याची छाया आहे. ऑस्कर वाइल्डच्या १८८९ च्या निबंधानें तर तिला कायमचें रूप दिलें. विषाची अंगठी, गुन्ह्यांची रोजनिशी, आणि 'तिचे घोटे फार जाड होते, म्हणून मारली' हें उत्तर आज सर्वांस ठाऊक आहे. पण त्या रोजनिशीचें एकहि पान संशोधकांपुढें आलेलें नाहीं. आपल्याकडे 'ध' चा 'मा' केल्याची कथा सर्वतोमुखी आहे. म्हणून ती चिठ्ठी कोणाच्या संग्रहास लाभली असें होत नाहीं.

ह्यावरून वेनराइट निर्दोष ठरतो, असें मात्र कोणीं समजूं नये. त्याचा १८४४ चा सवलतीचा अर्ज उपलब्ध आहे. परंतु कैद्याचा अर्ज अस्सल असला तरी स्वार्थी कागद होय, आणि सह्या बनविणाऱ्याचा शब्द अधिकच पारखून घेतला पाहिजे. संशय बलवत्तर आहे. तो सिद्ध नाहीं. ह्या दोन वाक्यांपैकीं कोणतेंहि एक गाळलें कीं इतिहास बिघडतो.

आख्यायिकेनें एक अन्याय आणखी केला आहे. तिच्यांत हेलन ही एका रसिकाच्या क्रूर विनोदाचें निमित्त होऊन राहिली. कागद रुक्ष खरे, पण त्यांत ती माणूस आहे. विम्याच्या कचेरींत नेलेली, आणि तें वर्ष संपण्यापूर्वींच गेलेली एक तरुण मुलगी.