किल्ली कोणाच्या हाती? संगणक, कन्सोल आणि खेळाच्या मालकीचा इतिहास

१/१५
खेळ संगणकावर खेळावा की कन्सोलवर, हा वाद बहुधा चित्राची स्पष्टता, वेग आणि किंमत यांवर रंगतो. इतिहासात डोकावले की त्याचे मूळ निराळेच दिसते. एखाद्या यंत्रावर कोणता खेळ चालेल, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? यंत्र बनवणाऱ्याचा, खेळ रचणाऱ्याचा की पैसे मोजणाऱ्याचा? या प्रश्नाने सहा दशकांत कंपन्या उभ्या केल्या, बुडवल्या आणि कित्येकांना न्यायालयाची पायरी चढायला लावली.

२/१५
१९६२ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा खेळ रचला. यंत्राची किंमत लाख डॉलरांच्या पुढे. असा संगणक कोणाच्या घरी असणे अशक्यच. त्यामुळे खेळ विकण्याचा विचारही कोणी केला नाही. त्याची आज्ञावली हातोहात फिरली. पीटर सॅमसनने तर पार्श्वभूमीवर खऱ्या आकाशातील तारे आणून बसवले. खेळ उघडून पाहावा, बदलावा आणि पुढे द्यावा, हा संगणकावरील खेळाला मिळालेला पहिला संस्कार.

३/१५
कन्सोलचा जन्म दिवाणखान्यासाठी झाला. राल्फ बेअर हा अभियंता. लक्षावधी घरांत असलेला टेलिव्हिजन केवळ पाहण्यापुरता का राहावा, असा त्याचा सवाल होता. त्याच्या प्रयोगांतून १९७२ साली ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ बाजारात आली. तिच्यात प्रोसेसर नव्हता. मैदानाचे किंवा घराचे चित्र हवे असेल, तर पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद चिकटवावा लागे. पण आणा, जोडा आणि खेळा, हे कन्सोलचे वचन तेव्हापासूनचे. यंत्राच्या पोटात काय आहे, हे खेळणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

४/१५
१९७७ साली अटारीने कार्ट्रिज बदलता येणारा कन्सोल आणला. त्यासाठीचे खेळ अटारीच बनवी, आणि रचनाकारांची नावे खोक्यावर छापत नसे. १९७९ साली असे चार रचनाकार बाहेर पडले आणि त्यांच्या साथीने ‘ॲक्टिव्हिजन’ उभी राहिली. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी स्वतंत्रपणे खेळ बनवणारी ही पहिली कंपनी. अटारीने दावा लावला. अखेर १९८२ साली मानधनाच्या बोलीवर तडजोड झाली. अटारीच्या यंत्राला कुलूप नव्हते, म्हणूनच ॲक्टिव्हिजनला आत शिरता आले. त्याच उघड्या दारातून पुढे सगळा बाजार आत आला.

५/१५
न्याहारीचे ओट्स विकणाऱ्या क्वेकर ओट्सनेही खेळांचा विभाग काढला. दुकाने सुमार खेळांनी भरली. आत काय दर्जा आहे, हे खोक्यावरून कळेना. खुद्द अटारीने ‘ई. टी.’ हा खेळ जेमतेम पाच आठवड्यांत रचून घेतला. १९८३ मध्ये न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत गाडण्याची वेळ आली. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची विक्री १९८३ मधील सुमारे ३२० कोटी डॉलरवरून १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास कोसळली.

६/१५
या पडझडीत संगणकाचाही हात होता. १९८२ साली ५९५ डॉलरला आलेला ‘कमोडोर ६४’ वर्षभरात २०० डॉलरच्या घरात आला. खेळापुरते यंत्र घेण्याऐवजी त्याच पैशांत मुलाला संगणक मिळत असेल, तर आईवडील काय निवडतील? ब्रिटनमध्ये तर ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’सारख्या स्वस्त संगणकांची एक पिढीच घडली. मुले मासिकांत छापलेल्या आज्ञावल्या ओळीने टंकित करत, टेपवर साठवत आणि स्वतः खेळ रचू लागत. त्या काळी कन्सोलचे दिवस भरले, असे मानणारे पुष्कळ होते.

७/१५
जपानच्या निन्टेन्डोने या पडझडीतून वेगळा धडा घेतला. १९८५ मध्ये ‘एनईएस’ न्यूयॉर्कच्या दुकानांत आला, तेव्हा त्याच्या पोटात एक कुलूप होते : ‘१०एनईएस’ नावाची चिप. तिची जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये असे. दोघींचे संकेत जुळले नाहीत, तर यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू होत राही. कार्ट्रिजचे संपर्कबिंदू मळले, तरी हाच प्रकार घडे. म्हणजे रीतसर पैसे मोजलेल्या ग्राहकालाही हे कुलूप अधूनमधून बाहेर उभे करी.

८/१५
या कुलपाच्या बळावर निन्टेन्डोने अटी घातल्या. एका कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढावेत. तो खेळ दोन वर्षे अन्य कन्सोलवर देऊ नये. कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावीत. अटी जाचक होत्या, पण पालकांचा विश्वास परतला आणि बाजार पुन्हा उभा राहिला. ‘अटारी गेम्स’ने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडून खोट्या कारणाने चिपची आज्ञावली मिळवली आणि ‘टेन्जेन’ या नावाने परवान्याविना कार्ट्रिज विकली. १९९२ साली अपील न्यायालयात ती पळवाट टिकली नाही.

९/१५
भारतात मात्र हे कुलूप फारसे पोहोचले नाही. एनईएसचा मूळ जपानी अवतार म्हणजे १९८३ चा ‘फॅमिकॉम’. त्यात ही चिप नव्हती. त्यामुळे तैवान आणि चीनमधील कारखान्यांना त्याच्या नकला करणे सोपे गेले. १९९० च्या दशकात त्या भारतीय बाजारात आल्या. महाराष्ट्रातील एका पिढीने सुट्टीत ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळले ते याच यंत्रांवर. कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणत आणि चालेना तेव्हा तिच्यात फुंकर मारत. मूळ कंपनी कोणती, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते.

१०/१५
तिकडे संगणकावर जुना संस्कार पुन्हा उसळून आला. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘आयडी सॉफ्टवेअर’ने ‘डूम’चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवला : फुकट घ्या, मित्रांना द्या, आवडला तर उरलेले भाग विकत घ्या. चित्रे, ध्वनी आणि नकाशे मुख्य आज्ञावलीपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यामुळे कोणालाही स्वतःची भर घालता आली. याच प्रथेतून पुढे ‘हाफ-लाइफ’वर हौशी मंडळींनी ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला आणि ‘वॉरक्राफ्ट ३’वर ‘डोटा’. आजच्या ई-स्पोर्ट्सचा मोठा भाग अशा हौसेतूनच उभा राहिला.

११/१५
या स्वातंत्र्याचीही किंमत होती. डॉसच्या काळात ६४० केबी स्मृतीत खेळासाठी जागा करणे आणि साउंड कार्ड ओळखायला लावणे, हाच एक खेळ होऊन बसे. आज घेतलेले यंत्र दोन वर्षांत जुने ठरे. कन्सोलवाला तोवर सोफ्यावर बसून खेळू लागलेला असे. कुलपाने विश्वास दिला आणि निवड काढून घेतली; मोकळ्या दाराने नवनिर्मिती आणली आणि मागोमाग गोंधळही. दोन्ही बाजूंचे चाहते आपापल्या यंत्राचा पहिलाच गुण सांगत राहिले.

१२/१५
नव्या शतकात सीमारेषा पुसट झाली. २००१ चा मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स’ आतून जवळजवळ पीसीच होता : इंटेलचा प्रोसेसर, एनव्हिडियाची चित्रचिप आणि हार्ड डिस्क. २०१३ मध्ये ‘प्लेस्टेशन ४’ आणि ‘एक्सबॉक्स वन’ या दोघांनीही पीसीच्याच घराण्यातील एएमडी प्रोसेसर स्वीकारले. उलट दिशेने, २००३ साली व्हॉल्व्ह कंपनीने संगणकावर ‘स्टीम’ सुरू केले. पुढच्याच वर्षी दुकानातून ‘हाफ-लाइफ २’ची डिस्क आणणाऱ्यालाही स्टीमवर नोंदणी केल्यावाचून खेळता येईना. कन्सोलच्या पोटात संगणक शिरला आणि संगणकाच्या दाराला कुलूप लागले.

१३/१५
यापुढे यंत्रांमधील अंतर आणखी घटेल, अशीच चिन्हे आहेत. सोनीचा ‘गॉड ऑफ वॉर’ २०२२ साली पीसीवर आला. त्याच वर्षी व्हॉल्व्हचा ‘स्टीम डेक’ हातात मावणारा पीसी होऊन कन्सोलसारखा खेळला जाऊ लागला. गूगलने तर ‘स्टेडिया’द्वारे यंत्रच नको, खेळ दूरच्या सर्व्हरवर चालवू, असा प्रयोग केला. २०१९ मध्ये सुरू झालेली ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. गूगलने पैसे परत केले. पण तिथे घेतलेला एकही खेळ ग्राहकाच्या घरी उरला नाही.

१४/१५
खरी झुंज आता इथे आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही थांबला, पीसी आणि कन्सोल, दोन्हींवर. युरोपात अशा प्रकारांविरुद्धच्या नागरिक-याचनेवर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने डिजिटल विक्रेत्यांना ‘खरेदी’ म्हणताना, आपण केवळ परवाना देत आहोत, हे स्पष्ट सांगणे भाग पाडले.

१५/१५
संगणकाच्या बाजूने एक गोष्ट अजून शिल्लक आहे : एका दुकानाने दार लावले, तर दुसरे उघडे असते. ‘जीओजी’सारखे विक्रेते कुलूप नसलेले खेळ विकतात, ‘डॉसबॉक्स’वर डॉसच्या काळातले खेळ आजही चालतात. ॲलामोगोर्डोच्या कचऱ्यात गाडलेली कार्ट्रिज २०१४ साली खणून काढता आली. त्यांतले एक आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ‘द क्रू’ची डिस्क मात्र चाहत्याच्या कपाटात जपून ठेवलेली असूनही २०२४ साली मुकी झाली. उद्याचे यंत्र कोणत्याही आकाराचे असो, ते घेताना विचारण्याचा प्रश्न जुनाच राहील : याची किल्ली आपल्याला मिळणार आहे का?