मुंबईतील नाट्यगृहे व कलादालने

मुंबईतील नाट्यगृहे, कलादालने आणि संग्रहालये दक्षिणेच्या टोकापासून उपनगरांपर्यंत विखुरलेली आहेत. प्रेक्षक ज्या भागात राहायला गेला, त्या भागात काही वर्षांनी रंगमंच उभा राहिला, असा या शहराचा दीडशेहून अधिक वर्षांचा क्रम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नाटकांचे केंद्र ग्रँट रोड होते. तेथील १८४६ च्या नाट्यगृहाला नाना शंकरशेट यांनी जागा दिली आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे खेळ केले. पुढे गिरगाव, परळ-लालबाग, दादर, पार्ले, मुलुंड आणि बोरिवली असा मराठी नाटकाचा मुक्काम उत्तरेकडे सरकत गेला. दृश्यकलेचे केंद्र मात्र बहुतांशी फोर्ट भागातच राहिले.

फोर्टमधील काळा घोडा परिसरात ही स्थळे सर्वांत दाट आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) पायाभरणी १९०५ मध्ये झाली. जॉर्ज विटेट याने आराखडा केलेली ही इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. समोरच्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचा वास्तुविशारदही विटेटच. तेथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून परिसराला नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. आज चौकात उभा असलेला घोडा २०१७ मधला असून त्यावर स्वार नाही.

जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले. येथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि या एका गोष्टीने मुंबईच्या चित्रकलेचे जितके भले केले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. कचेरीतून सुटलेला माणूस, जे. जे. कला महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि चित्रे विकत घेणारा संग्राहक एकाच भिंतीपुढे उभे राहतात. प्रदर्शने साधारण आठवडाभर चालतात. चित्रकार बहुधा स्वतःच दालनात बसलेला असतो, त्याच्याशी बोलता येते. दालनाची तारीख मिळण्यासाठी चित्रकारांना काही वर्षे थांबावे लागते. बाहेरच्या पदपथावरही चित्रे मांडलेली असतात आणि व्यक्तिचित्रे काढणारे कलाकार गिऱ्हाइकाला समोर बसवून तिथल्या तिथे चित्र पुरे करून देतात. इमारतीतील समोवार हे उपाहारगृह १९६४ पासून चित्रकार-लेखकांच्या बैठकीची जागा होते. ते २०१५ मध्ये बंद झाले.

नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने ही संस्था १९६९ मध्ये सुरू झाली. तिचे टाटा थिएटर १९८० मध्ये उघडले. अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी ते आखले आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांनी केली. ध्वनिवर्धकाशिवाय सतार किंवा गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, हा त्यामागचा हेतू होता. शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी इतकी नेमकी रचलेली जागा देशात फारशी नाही. त्याच आवारातील जमशेद भाभा नाट्यगृह १९९९ चे, तर प्रायोगिक नाटकांसाठीचे छोटे नाट्यगृह १९८६ चे आहे.

गिरगावात दोन वास्तू महत्त्वाच्या आहेत. रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९११ मध्ये झाले. तेथे बालगंधर्वांची नाटके आणि पृथ्वीराज कपूर यांच्या मंडळीचे प्रयोग झाले, पुढे चित्रपट चालले आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. काटेकोर जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. दुसरी वास्तू मुंबई मराठी साहित्य संघाची. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे नाट्यगृह डॉ. अ. ना. भालेराव यांच्या नावाने ओळखले जाते.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडले. १९७५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले आणि २००८ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला. येथील मातीच्या छोट्या प्रतिमांतून जुन्या मुंबईतले व्यवसाय, पोशाख आणि पागोट्यांचे प्रकार पाहायला मिळतात. आवारातला दगडी हत्ती घारापुरीहून आणलेला आहे. त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले ते या हत्तीवरून.

परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये सुरू झाले. गिरणी कामगारांची रंगभूमी आणि कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची नाटके यांचा तो आधार होता. सोशल सर्व्हिस लीगच्या मालकीचे हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, त्याविरुद्ध रंगकर्मींनी आवाज उठवला. गिरण्या गेल्यानंतर कामगारवस्तीच्या करमणुकीच्या ज्या थोड्या जागा उरल्या होत्या त्यांतली ही एक असल्याने तो आवाज रास्तच होता. लालबागचे भारतमाता चित्रपटगृह याच वस्तीचे. मराठी चित्रपटांचे हक्काचे घर अशी त्याची ओळख आहे.

व्यावसायिक मराठी नाटक पाहायचे तर दादरचे शिवाजी मंदिर. १९६५ पासून ते या व्यवसायाचे केंद्र आहे. रविवारी येथे सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग लागू शकतात. दुपारचा पडदा पडला की रंगमंच-कामगार एका नाटकाचा दिवाणखाना उतरवून टेम्पोत चढवतात आणि रात्रीच्या नाटकाचे नेपथ्य ठोकायला घेतात. प्रकाशयोजनाही त्याच वेळात नव्याने लावली जाते. मध्यंतरातला बटाटेवडा हा येथील प्रयोगाचा भागच मानला जातो. जवळच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या संस्थेने समांतर नाटकांची चळवळ चालवली. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या या संस्थेने शाळेच्या साध्या जागेत जे उभे केले, त्यावर आधुनिक मराठी रंगभूमीचा मोठा भाग तरला. प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर राज्य शासनाच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीचे आहे, तर माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे. किंग्ज सर्कलचे षण्मुखानंद सभागृह १९९० च्या आगीनंतर १९९८ मध्ये पुन्हा उभे राहिले. सुमारे २,८०० आसनांमुळे मोठ्या मैफलींसाठी ते घेतले जाते.

जुहूचे पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी शशी आणि जेनिफर कपूर यांनी सुरू केले. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाच्या प्रयोगाने त्याची सुरुवात झाली. जेमतेम दोनशे आसने रंगमंचाच्या तीन बाजूंना असल्याने नटाच्या श्वासाची लयही प्रेक्षकाला कळते. तिसऱ्या घंटेनंतर आत सोडत नाहीत. उपनगरांतील पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, मुलुंडचे कालिदास आणि बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही तिन्ही नाट्यगृहे महापालिकेची आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ मध्ये सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात दोन हजार आसनांचे भव्य नाट्यगृह आहे. तेथील तिकिटांचे दर मराठी नाटकांच्या दरांपेक्षा बरेच चढे असतात.

मराठी नाटकांचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी असतात आणि त्यांच्या जाहिराती दैनिकांत येतात. राष्ट्रीय आधुनिक कलादालन सोमवारी, तर भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून होत आला असून तो साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस चालतो.