मचाण

मचाण म्हणजे जमिनीपासून उंचावर, झाडाच्या फांद्यांवर किंवा रोवलेल्या खांबांवर बांधलेली बसण्याची जागा. शिकार, पिकांची राखण आणि वन्यजीवांचे निरीक्षण हे तिचे तीन प्रमुख उपयोग होत. हा शब्द संस्कृतातील 'मञ्च' या शब्दाशी संबंधित आहे. शेतातील मचाणास मराठीत 'माळा' असेही म्हणतात.

== शिकारीतील उपयोग ==
दाट जंगलात वाघ, बिबट्या यांची शिकार प्रामुख्याने मचाणावरून केली जाई. उंचावरील शिकाऱ्याचा वास व हालचाल प्राण्यास सहजी जाणवत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. उघड्या माळरानावर मात्र उंच झाडे विरळ असल्याने काळविटाच्या शिकारीची पद्धत वेगळी होती. कोल्हापूर संस्थानात त्यासाठी शिकवलेले चित्ते वापरीत. उत्तर अमेरिका व युरोपात हरणांची शिकार परवान्याने आजही चालते. तेथे हंगाम सुरू होण्यापूर्वी मचाणांचे लाकूड, पट्टे व शिड्या तपासून घेतात आणि पडण्यापासून बचावासाठी सुरक्षापट्टा वापरण्याचा आग्रह धरतात.

== अक्कलकोट परिसरातील मचाण ==
अक्कलकोट तालुका सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय भागात, कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. १९४८ पर्यंत येथे भोसले घराण्याचे संस्थान होते. येथील राजवाड्यातील शस्त्रसंग्रहालय प्रसिद्ध आहे. कमी पावसाच्या या प्रदेशात रब्बी ज्वारी हे महत्त्वाचे पीक असून तिची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. काळवीट व रानडुक्कर उभ्या पिकात शिरतात, तर कणसे भरू लागताच पाखरांचे थवे उतरतात. म्हणून कणसे चिकात येण्यापूर्वी माळा उभारणे वा जुना दुरुस्त करणे आवश्यक असते.

=== बांधणी व दुरुस्ती ===
बाभूळ किंवा कडुनिंबाच्या चार मेढी रोवून त्यांवर आडवी लाकडे बांधतात आणि वर तुराट्या अथवा कडबा अंथरतात. ज्वारी पुरुषभर वाढत असल्याने बैठक त्याहून उंच ठेवावी लागते. काळी जमीन वाळताना भेगाळते व मेढी सैल होतात. त्यामुळे खड्ड्यात दगड व मुरूम ठासून भरतात. वाळवी लागलेले लाकूड आणि कुजलेला दोर बदलणे ही हंगामापूर्वीची मुख्य कामे होत. राखणदार माळ्यावरून गोफण फिरवून, हाळी देऊन किंवा पत्र्याचा डबा वाजवून पशुपक्ष्यांना हुसकावतो.

== कायदेशीर स्थिती ==
काळविटास बोलीभाषेत हरीण म्हणतात; प्राणिशास्त्रदृष्ट्या तो कुरंग आहे. सारंगाची शिंगे दरवर्षी गळून पडतात, काळविटाची कायम राहतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून त्याच्या शिकारीस किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. कलम ११ नुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरल्यास अथवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त असल्यासच त्याच्या शिकारीची परवानगी मिळू शकते. केवळ पिकाच्या नासाडीसाठी ती मिळत नाही. परिणामी मचाणावरील शेतकरी काळविटाला हुसकावू शकतो, मारू शकत नाही. झालेल्या नुकसानीबद्दल पंचनाम्यानंतर वन विभागाकडून भरपाई दिली जाते. मात्र रात्रभर जागण्याचे श्रम शेतकऱ्यालाच सोसावे लागतात.

== निरीक्षणासाठी उपयोग ==
महाराष्ट्रातील अभयारण्यांत व व्याघ्रप्रकल्पांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांलगतच्या मचाणांवरून चांदण्यात प्राण्यांच्या नोंदी घेण्याची प्रथा आहे. त्यापूर्वी वन कर्मचारी मचाणांची डागडुजी करतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले. माळढोकासाठी राखलेल्या या गवताळ माळरानावर काळविटांचे कळपही आढळतात.

== हे सुद्धा पहा ==
* काळवीट
* गोफण
* माळढोक
* अक्कलकोट संस्थान